आधी कुऱ्हाडेंचं खातं, मग व्हेरिएबलचं नाव

पॅच रिव्ह्यूच्या बाबतीत आमच्या धंद्यात दोन पंथ आहेत. पहिल्या पंथाचं म्हणणं असं की कोड स्वच्छ नसेल तर तो आत घ्यायचाच नाही, वापरणारा कितीही ओरडो. दुसरा पंथ म्हणतो, अरे वापरणाऱ्याचं काम अडलंय ना, मग चालेल तसा पॅच घ्या आणि मोकळे व्हा, आतला कोड बघायला कोण येतंय? दोन्हीकडे हुशार मंडळी आहेत, दोन्हीकडे आपापले किस्से आहेत, आणि हा वाद एकदा सुरू झाला की समोरचा चहा थंड होईपर्यंत चालतो.

यावर सगळ्यात सोपं उत्तर म्हणजे "दोन्हींचा समतोल साधा". ऐकायला छान वाटतं. पण सोमवारी सकाळी समोर पॅच उघडा असताना या वाक्याचा काडीचा उपयोग होत नाही. किती समतोल? कुठे ताणायचं, कुठे सोडायचं? माझं मत असं की रिव्ह्यू करताना "हा कोड चांगला आहे का?" हा प्रश्न दुसऱ्या नंबरला ठेवावा. पहिला प्रश्न असावा: या पॅचमुळे असं काही होणार आहे का, जे नंतर परत घेता येणार नाही? या प्रश्नाच्या उत्तरावर रिव्ह्यूचा कडकपणा ठरवावा. आता हे नुसतं हवेत बोलण्यापेक्षा एक उदाहरण घेतो. आपल्याच भाषेतलं आहे.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी दोन ओळी. पॅच म्हणजे चालू सॉफ्टवेअरमध्ये सुचवलेला एक नेमका बदल: या चार ओळी काढा, या सहा घाला. रिव्ह्यू म्हणजे तो बदल आत घेण्याआधी दुसऱ्या कुणीतरी तो वाचणं आणि हरकती घेणं. बस्स, एवढंच.

आता समजा, बार्शीकडची एक पतसंस्था आहे. खातेदाराचं आडनाव कुऱ्हाडे. खातं २००७ साली उघडलेलं, आणि तेव्हाच्या टायपिंगच्या साधनानं हे आडनाव एका विशिष्ट पद्धतीनं साठवलं. आज काउंटरवरची मुलगी नव्या कीबोर्डवरून तेच आडनाव टाइप करते. स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखी दिसतात. सर्च मारला की उत्तर येतं, "खाते सापडले नाही". मागे रांग लागलेली, साहेब केबिनमधून बघतायत. मग ती काय करते? कुऱ्हाडेंची नवीन ग्राहक म्हणून नोंद करते. झालं! एकाच माणसाच्या दोन नोंदी, ठेव एकीवर आणि कर्ज दुसरीवर, आणि मार्चअखेर सगळ्यांच्या डोक्याला ताप.

हे का होतं ते समजायला थोडं अक्षरांकडे जावं लागेल. मराठीत व्यंजनाच्या आधी आलेला अर्धा र दोन तऱ्हांनी लिहितात. एक म्हणजे डोक्यावरचा रफार: सूर्य, आचार्य, दर्या. दुसरा म्हणजे पुढच्या अक्षराला चिकटून येणारा आडवा र: दऱ्या, सुऱ्या, कुऱ्हाड. हा फरक नुसता दिसण्याचा नाही. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. आचार्यांना बोलावलं तर व्याख्यान होईल, आचाऱ्यांना बोलावलं तर जेवण होईल :-)

हिंदीला हा आडवा र लागत नाही. म्हणून "देवनागरी टेस्ट केली" असं कुणी सांगितलं आणि ती टेस्ट हिंदी शब्दांवर केलेली असली, तर हा घोटाळा दिसतच नाही. आपल्याकडे मात्र त्याच्यावाचून पान हलत नाही. आमच्या सोलापूर जिल्ह्याचंच बघा. इथल्या कुठल्याही कार्यालयात ज्यांच्यासाठी कागद निघतात ते लोक कोण? शेतकरी, वारकरी, व्यापारी, कर्मचारी. यांना विभक्ती लागली रे लागली की शेतकऱ्यांना, वारकऱ्यांसाठी, व्यापाऱ्यांकडून, कर्मचाऱ्यांचे. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात, त्यामुळे आषाढीच्या एका साध्या सूचनेतसुद्धा हा र चारदा येऊन जातो.

आता गंमत अशी की युनिकोडमध्ये हा र लिहायच्या दोन पद्धती आहेत. एक, ऱ हे वेगळं अक्षर घ्यायचं, त्याला हलन्त द्यायचा आणि पुढचं व्यंजन लिहायचं. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर र च्याच कळीवर शिफ्ट दाबून हा ऱ मिळतो. दुसरी, साधा र घ्यायचा, हलन्त द्यायचा, मग एक न दिसणारं चिन्ह घालायचं आणि मग पुढचं व्यंजन. या न दिसणाऱ्या चिन्हाचं नाव झीरो विड्थ जॉइनर. इथून पुढे नुसतं जॉइनर म्हणतो. भाजीतल्या हिंगासारखं आहे ते. दिसत नाही, पण नसलं की लगेच कळतं.

दोन पद्धती का? कारण १९९६ च्या युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीत जॉइनरवाली पद्धत होती. पुढे ऱ ची सरळ पद्धत सांगितली गेली, पण तोवर जुन्या पद्धतीनं लिहिलेला मजकूर अस्तित्वात होता. म्हणून मानकात आजही स्पष्ट लिहिलेलं आहे की जुन्या आवृत्तीशी सुसंगत राहण्यासाठी र, हलन्त, जॉइनर हा क्रम आला तरी आडवा र च दाखवावा. एकाच गोष्टीला दोन रस्ते हे कुठल्याही इंजिनियरला खटकणारच. स्वच्छतेच्या पंथानं एक रस्ता केव्हाच बंद केला असता. पण तो उघडा ठेवला म्हणून २००० च्या दशकात लोकांनी संकेतस्थळांवर, अनुदिन्यांवर, सरकारी पानांवर जो मजकूर या पद्धतीनं लिहिला तो आजही नीट वाचता येतो. नियम कुरूप राहिला, पण लिहिणाऱ्यांचा शब्द शाबूत राहिला.

मात्र या दोन रूपांची आपोआप बरोबरी होत नाही. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन चालवलं तर र अधिक नुक्ता आणि ऱ यांची जुळणी होते, पण जॉइनरवालं रूप तसंच राहतं. म्हणून सर्च फसतो. हाच प्रकार अॅपल-अॅसिडमधल्या पहिल्या अक्षराचा. त्याच्यासाठी ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. त्याआधी अ वर चंद्र देऊन भागवायचे, कधी मध्ये जॉइनर घालून, कधी न घालता. म्हणजे एका ॲ ची तीन रूपं साठवलेली सापडतात आणि तिन्ही एकमेकांना ओळखत नाहीत.

तर कुऱ्हाडेंचं खातं शोधून देण्यासाठी दोन पॅच आलेत असं समजा.

पहिला पॅच पाच ओळींचा. कुणा नवख्यानं लिहिलेला. तुलना करण्याआधी दोन्ही नावांतलं जॉइनरवालं रूप ऱ च्या रूपात बदलून घेतो आणि मग शोधतो. साठवलेल्या नावाला हात लावत नाही. पण हे सगळं काउंटरच्या स्क्रीनच्याच फाइलमध्ये कोंबलेलं. व्हेरिएबलचं नाव टेंप-टू. कॉमेंट नाही, टेस्ट नाही.

दुसरा पॅच देखणा. सगळ्यांनी वापरायच्या सामायिक फाइलमध्ये एक सुटसुटीत फंक्शन. नाव बोलकं, वर चार ओळींची कॉमेंट, खाली टेस्ट. काम काय, तर नाव साठवताना त्यातली सगळी न दिसणारी चिन्हं काढून टाकायची, कारण "असल्या अदृश्य कचऱ्यामुळेच सर्च बिघडतो". सोबत जुना डेटा एकदाच साफ करणारी स्क्रिप्ट. टेस्ट सगळ्या हिरव्या, कारण टेस्टमधली नावं पाटील, जाधव आणि शर्मा.

कुठला पॅच लवकर पास होईल हे मी सांगायला नकोच. पहिल्यावर वीस हरकती येतील, दुसऱ्याला "छान काम" असा शेरा मिळेल.

आणि दुसरा पॅच चालवल्यावर काय होईल? कुर्‍हाडे मधला जॉइनर गेला की उरतं कुर्हाडे. पासबुकावर आडनाव चुकीचं छापलं जाईल. पत्रातल्या शेतकर्‍यांना चं शेतकर्यांना होईल. आचाऱ्यांचे आचार्य होतील. वर कहर म्हणजे कुऱ्हाडे तरीही सापडणार नाहीत! कारण काउंटरवरची मुलगी नव्या पद्धतीनं ऱ टाइप करते, त्यात जॉइनर नाहीच, आणि साठवलेलं नाव आता साध्या र चं झालंय. ज्या कामासाठी पॅच लिहिला तेच काम झालं नाही, आणि डेटा बिघडला तो वेगळाच.

बरं, हा डेटा परत दुरुस्त होईल? काही शब्दांचा होईल. शेतकर्यांना असा शब्दच नाही, तेव्हा तिथे काय हवं होतं ते ओळखता येतं. पण जिथे दोन्ही रूपं खरी आहेत तिथे आचार्यांना हे मुळात आचार्यांनाच होतं की आचाऱ्यांना, हे आता कुणीच सांगू शकत नाही. ती माहिती जॉइनरमध्ये होती आणि आपण तो कचरा समजून झाडून टाकला.

जॉइनर हा काही एकट्या मराठीचाही मामला नाही. सोलापुरात एका गल्लीत मराठी, कन्नड आणि तेलुगू ऐकू येतात. कन्नडमध्ये रॅली, रॅंक असले शब्द लिहिताना र पूर्ण दिसावा म्हणून जॉइनर लागतो. मल्याळममधली काही अक्षरं २००८ पूर्वी जॉइनर घालूनच लिहायची. आणि हे सगळं राहू द्या, मोबाइलवरचं आई-बाबा-मुलगी असं कुटुंबाचं इमोजी घ्या. तेही जॉइनरनंच जोडलेलं असतं. तो काढला की एकत्र कुटुंब विभक्त! :-)

माझा मुद्दा इथे येतो. पहिल्या पॅचमधली घाण कोडमध्ये आहे. ती पुढच्या आठवड्यात, पुढच्या महिन्यात, कधीही साफ करता येते. फंक्शन दुसऱ्या फाइलमध्ये हलवा, टेंप-टू ला नीट नाव द्या, टेस्ट लिहा, कुणाचं काही बिघडत नाही. दुसऱ्या पॅचमधली घाण डेटात जाते, आणि ती तिथून निघत नाही. तरीसुद्धा आमची रिव्ह्यूची नजर पहिल्या घाणीवर तरबेज आणि दुसऱ्या घाणीला आंधळी असते. कारण सोपं आहे. कोड समोर दिसतो, कुऱ्हाडे समोर दिसत नाहीत. रिव्ह्यूच्या बैठकीत कोडच्या बाजूनं बोलायला चार जण असतात, कुऱ्हाडेंच्या बाजूनं कुणी नसतं. आणि कुऱ्हाडे काही इंग्रजीत बग रिपोर्ट लिहिणार नाहीत. ते काउंटरवर दोन शब्द बोलतील, ती मुलगी साहेबांना सांगेल, साहेब सॉफ्टवेअरवाल्याला फोन करतील, आणि तिथून पुढे तो प्रॉब्लेम आपल्यापर्यंत पोहोचेस्तोवर "मराठी फॉन्टचा इश्यू" एवढाच उरलेला असेल.

आता दुसऱ्या पंथाची मंडळी खूश झाली असतील. "बघा, आम्ही म्हणतच होतो, आधी युजर!" थांबा जरा. तुमच्याही पदरात काही आहे.

नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरची बरीच वर्षं मराठी छपाई आणि संकेतस्थळं कशी चालायची आठवतंय? कृतिदेव, शिवाजी, डीव्हीबी-टीटी सुरेख असे फॉन्ट असायचे. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. संगणकाच्या लेखी साठवलेला मजकूर म्हणजे इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची निव्वळ भेळ. फॉन्ट असला तर मराठी दिसायचं, नसला तर भेळच दिसायची. वापरणाऱ्याची गरज मात्र शंभर टक्के भागली होती. त्याला मराठी छापून हवं होतं, ते मिळालं, आणि आज मिळालं. खरं तर नीट रस्ता तेव्हाही होता. भारतीय लिप्यांच्या सांकेतिक मांडणीचं इस्की हे मानक १९९१ साली भारतीय मानक म्हणून आलेलं होतं. पण तातडीची गरज जिंकली.

किंमत कुणी मोजली? पुढच्या वापरणाऱ्यानं. तो मजकूर शोधता येत नाही, अकारविल्हे लावता येत नाही, दुसऱ्या फॉन्टमध्ये नेता येत नाही. प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी, म्हणून प्रत्येकासाठी वेगळा कन्व्हर्टर, आणि कन्व्हर्टरनं काढलेला मजकूर माणसानं पुन्हा तपासायचा. आजही एखाद्या कार्यालयातून कृतिदेवातली फाइल येते आणि कुणीतरी बसून ती दुरुस्त करत असतं. इथे कडक रिव्ह्यूअर हवा होता. "मराठी दिसतंय, पण साठवलं जातंय ते मराठी नाही, पॅच परत" असं म्हणणारा.

म्हणजे दोन्ही उदाहरणांत चूक एकाच जागी आहे. एकदा स्वच्छतेच्या नावाखाली, एकदा गरजेच्या नावाखाली, पण दोन्ही वेळा जे परत घेता येत नाही त्यात हात घातला गेला. म्हणून मला हा कोड विरुद्ध युजर असा सामनाच खोटा वाटतो. चांगला कोड कशासाठी हवा? तर उद्याच्या वापरणाऱ्याचं काम अडू नये म्हणून. रिव्ह्यूतल्या प्रत्येक हरकतीला हा प्रश्न विचारून बघा की उद्या यामुळे कुणाचं काय अडेल? उत्तर मिळालं तर हरकत खरी. नाही मिळालं तर ती रिव्ह्यूअरची आवड आहे. आवड सांगायला हरकत नाही, पण तिच्यासाठी कुऱ्हाडेंना रांगेत उभं करू नये.

हे काही माझं डोकं चालवून काढलेलं नाही. मोठमोठे प्रकल्प याच रस्त्यानं चालतात. लिनक्स कर्नलचं बघा. कर्नलच्या आतले इंटरफेस केव्हाही बदलू शकतात, ते स्थिर ठेवायचं बंधन नाही, असं त्यांच्या कागदपत्रांत चक्क लिहून ठेवलंय. कारण आतला सगळा कोड त्यांच्या हातात आहे, बदल केला तर तो सगळीकडे करता येतो. पण कर्नलवर चालणाऱ्या लोकांच्या प्रोग्रॅमना जे दिसतं ते मोडायचं नाही, हा नियम दगडावरची रेघ. डिसेंबर २०१२ मध्ये एका बदलामुळे कर्नलकडून येणारा एरर कोड बदलला आणि आवाजाशी संबंधित प्रोग्रॅम बिघडले. त्या विभागाच्या मेंटेनरचं म्हणणं पडलं की दोष प्रोग्रॅमचा आहे. लिनस टॉरवल्ड्सनं त्याला सगळ्यांदेखत झाडलं. मुद्दा असा की बदलामुळे लोकांचा चालता प्रोग्रॅम बंद पडला तर तो कर्नलचाच बग. नियम बरोबर, झाडण्याची भाषा अजिबात बरोबर नव्हती. अशा भाषेबद्दल टॉरवल्ड्सनं २०१८ साली माफी मागितली आणि काही काळ कामातून बाजूलाही झाला. तेव्हा नियम घ्या, भाषा घेऊ नका.

त्याच कर्नलमध्ये कोडची शैली तपासणारा एक प्रोग्रॅम आहे. पॅच पाठवणाऱ्यांसाठीच्या सूचनांत त्याच्याबद्दल लिहिलंय की त्याला मार्गदर्शक समजा, माणसाच्या बुद्धीचा पर्याय समजू नका. नियम मोडून कोड जास्त चांगला दिसत असेल तर तो तसाच राहू द्या. आमच्याकडे मात्र ओळ ऐंशी अक्षरांच्या पुढे गेली म्हणून पॅच परत पाठवणारे महाभाग आहेत!

दुसरं उदाहरण आपल्या जास्त जवळचं. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिबरऑफिस या सगळ्यांत मराठी अक्षरं जोडून दाखवायचं काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते. बेहदाद एस्फाबोद आणि सहकाऱ्यांनी २०१२ च्या सुमारास तिच्यातला भारतीय लिप्यांचा भाग नव्यानं घडवला, तेव्हा कसोटी म्हणून विकिपीडियातून शब्दांच्या याद्या काढल्या. देवनागरीचे सात लाखांच्या वर शब्द होते. प्रत्येक शब्द मायक्रोसॉफ्टच्या युनिस्क्राइबमध्ये जसा दिसतो तसाच इथे दिसतो का, हे ताडून बघायचे, आणि किती शब्द जुळले, किती चुकले ते बदलाच्या नोंदीतच लिहायचे. युनिस्क्राइबचं सगळंच वागणं काही तर्कशुद्ध नव्हतं. पण लोकांकडचे फॉन्ट त्याच्यावर बघून बनवलेले होते, म्हणून त्याच्या लकबीही सांभाळाव्या लागल्या. इथे कोड स्वच्छ आहे की नाही यावर वाद होऊ शकतो, पण सात लाख शब्दांपुढे वाद फार लांबत नाही. वापरणारा बैठकीला येऊ शकत नसेल तर त्याचे शब्द तरी आणा, एवढं साधं तत्त्व.

तिसरं उदाहरण दोन्ही बाजू राखण्याचं. इंग्रजीखेरीज इतर भाषांतल्या डोमेन नावांचे पहिले नियम २००३ साली आले. त्यात जॉइनर दिसला की गुपचूप काढून टाकायचा असं ठरलेलं. कारण रास्त होतं. न दिसणारं चिन्ह घालून हुबेहूब दिसणारं खोटं डोमेन बनवता आलं असतं. पण त्यात आमच्यासारख्या लिप्यांचे शब्द मोडत होते. २०१० साली नियम बदलले. जॉइनर सरसकट काढायचा नाही आणि सरसकट घ्यायचाही नाही. त्याच्या लगेच आधी हलन्त असेल तर चालेल, नाहीतर नाही. नियम एका ओळीत मावतो, टेस्ट करता येतो, सुरक्षितताही बऱ्यापैकी सांभाळली जाते आणि आडवा र ही वाचतो. गरज नीट समजून घेतली की चांगला कोड बरेचदा आपोआप सापडतो, तो असा. "सगळं काढा" हा कोड स्वच्छ दिसत होता, कारण त्यानं प्रश्नच अर्धा वाचला होता.

आता प्रत्यक्षात करायचं काय? माझी पद्धत सांगतो, पटली तर घ्या.

पॅच उघडला की आधी बघायचं, तो साठवलेल्या डेटाला, बाहेरच्यांनी वापरायच्या इंटरफेसला किंवा सुरक्षिततेला हात लावतो का. लावत असेल तर तिथे अजिबात दयामाया नाही. कितीही घाई असो, क्लायंट कितीही ओरडो. मूळ डेटा राखून ठेवलाय का, उलटं फिरता येईल का, हे कळेपर्यंत पॅच आत जाणार नाही.

मग बघायचं, तो खरंच कुणाचं काम सोडवतो का. इथे पॅच आणणाऱ्यावर एक जबाबदारी आहे. "क्लायंटला पाहिजे" हे कारण चालणार नाही. कुठल्या स्क्रीनवर, कुठला शब्द, काय दिसायला हवं आणि काय दिसतंय, हे लिहून आणा, आणि तेच टेस्टमध्ये घाला. कुऱ्हाडे, गोऱ्हे, कऱ्हाडे, बऱ्हाटे, दोन्ही पद्धतींनी लिहिलेले. दहा मिनिटांचं काम आहे. पहिल्या पॅचकडून मी एवढं नक्की मागेन, आणि आत घेण्याआधी मागेन. टेस्ट ही सौंदर्याची गोष्ट नाही. पुढच्या वर्षी कुणीतरी हाच कोड "साफ" करायला येईल, तेव्हा कुऱ्हाडेंच्या बाजूनं ओरडणारी ती एकटीच असेल.

उरलं काय? नावं, फाइलची जागा, रचना. हे पॅच आत घेऊन नंतर करता येतं. मात्र "नंतर" म्हणजे कुणी आणि कधी, हे तिथेच लिहायचं. मला माहितीये, इथे पहिला पंथ हसणार. नंतर या शब्दावर आमच्या धंद्यात कितीतरी प्रॉडक्ट बुडालीत. हरकत खरी आहे. म्हणून एक मर्यादा: एकाच फाइलमध्ये अशी उधारी दोनदा चालेल, तिसऱ्यांदा नाही. तिसऱ्या वेळी आधीची दोन्ही साफ करा, मग नवीन आणा. किराणावाल्याची वहीसुद्धा याच नियमावर चालते.

दुसरी हरकत अशी येईल की असं सांभाळून घेतलं तर नवी पोरं शिकणार कधी? माझं उलट मत आहे. सोलापूर, सांगली, लातूरहून इंजिनियरिंग करून आलेल्या पोराचा पहिला पॅच वीस हरकती लावून तीन आठवडे टांगून ठेवला की तो एकच गोष्ट शिकतो, ती म्हणजे पॅच पाठवायचा नाही. आणि मराठीचा असला प्रॉब्लेम ज्याच्या लक्षात येतो तो बहुधा हाच पोरगा असतो, कारण त्याच्या घरात कुणीतरी त्या काउंटरपुढे उभं राहिलेलं असतं. त्याला सांगा, "तुझं काम बरोबर आहे, एवढी टेस्ट घाल, आत घेतो. आणि हे फंक्शन सामायिक फाइलमध्ये नेणारा पुढचा पॅच शुक्रवारपर्यंत तूच दे." तो शुक्रवारी देतो. कोडही स्वच्छ होतो.

आणि देखण्या पॅचवर? तिथे रिव्ह्यूअरनं एक प्रश्न टाकावा: "यात शेतकऱ्यांना हा शब्द दोन्ही पद्धतींनी टाकून बघितलास का?" एवढ्या एका प्रश्नानं तो पॅच जागच्या जागी पडतो, आणि कुणाचा अपमानही होत नाही.

असो. सोमवारी तुमच्यासमोर पुन्हा एखादा पॅच येईलच. व्हेरिएबलच्या नावावर शेरा मारायच्या आधी त्यातली साफसफाई कुठे चाललीये ते बघा. कोडमध्ये असेल तर खुशाल चालू द्या. लोकांच्या नावांमध्ये असेल तर पॅच तिथेच थांबवा.